तुतीचा खोडवा

आमचे घरमालक माणसांचा उतारा काढायचे. उसातून साखर किती निघाली त्याला कारखान्यात उतारा म्हणतात, आणि सगळी नोकरी बिद्रीच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या शेतीखात्यात काढलेल्या या माणसाकडे जग मोजायला दुसरं मापच नव्हतं. मी खोली बघायला गेले तेव्हा फाटकावर दोन्ही हात ठेवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "रस हाय. पर चोथा लई."

आता मीही काही गरीब गाय नाही. म्हटलं, "खोली द्यायची हाय का न्हाय तेवढं सांगा. चरकात घालून घ्यायला न्हाय आलेय मी."

"बघ, म्हटलं न्हवं? चोथा." आणि खिशातून किल्ली काढून दिली.

मी मूळची हुपरीची. घरोघरी चांदी ठोकणारं आमचं गाव. घुंगरांच्या आवाजात आम्ही झोपतो आणि घुंगरांच्याच आवाजात उठतो. कोल्हापुरात एका चष्म्याच्या दुकानात मला काम लागलं, रोजचं येणंजाणं जिवावर यायला लागलं, म्हणून फुलेवाडीतली ही खोली. मालकांना सगळी गल्ली आण्णा म्हणायची, मीही म्हणायला लागले. खोली सोडून आता बरेच दिवस झाले. पण अजूनही दुपारी डोळा लागला की मी तिथंच असते. नवऱ्याला सांगितलं तर तो हसतो. हसू दे.

कारण ती खिडकी. खिडकीबाहेर कुंपणाला लागून तुतीची झुडपं होती, ओळीनं लावलेली, माणसाच्या डोक्यावर गेलेली. पानं अशी दाट की ऊन त्यातून गाळूनच आत यायचं. दुकान दुपारी बंद असायचं, तेव्हा मी घरी येऊन जेवायचे आणि फरशीवर आडवी व्हायचे. अंगावर, भिंतीवर, पितळी डब्यावर हिरवा उजेड हलत राहायचा. भिंत हलतेय का मी, हे कळायचं नाही. विहिरीच्या तळाशी अंथरूण टाकल्यासारखं वाटायचं. आणि त्या गुंगीत कधीतरी खिडकीबाहेरून आवाज यायचा, "झोपलीस व्हय? झोप, झोप. ही पण झोपल्यात."

ही म्हणजे तुती. भर दुपारी आण्णा त्या ओळीच्या कडेनं चालत असायचे, डोळे मिटून, एक हात पानांवर टेकवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. पळत बाहेर गेले. तर म्हणतात कसे, "गप की. उठवतीस का काय त्यांना?"

"डोळे कशाला मिटलायसा?"

"उघडे ठेवून बघितलं की हाताला कोयती आठवतीया," ते म्हणाले.

मी परत येऊन आडवी झाले.

त्यांच्या एकेक तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. जन्म साखरेत गेला, पण घरात साखरेचा कण नाही. गुळाचा चहा, तोही काळा. "साखर कशी हुती ते मी बघितलंय," एवढंच सांगायचे, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडातला पेढा फिरायचा. दुपारी बारा वाजता त्यांना भोंगा ऐकू यायचा. कारखाना कुठल्या कुठं राहिला, फुलेवाडीत कसला भोंगा? पण ते हातातलं काम टाकून टोपी काढायचे, मान खाली घालायचे, आणि भोंगा संपला की टोपी घालून कामाला लागायचे. मोबाईल कानाला न लावता भाकरीसारखा तळहातावर धरायचे आणि त्याच्यावर ओरडायचे. दाराशी आलेल्या कुणालाही, मग तो पोस्टमन असो नाहीतर मत मागायला आलेला पुढारी, पहिलं वाक्य ठरलेलं: "पावणं, वाईच सरकून उभं ऱ्हावा. सावली तुडवाय लागलायसा." तुतीची सावली. लोक बिचारे खाली बघत बाजूला व्हायचे.

भाडेकरूच्या पहिल्या वर्षाला ते लागण म्हणायचे. ऊस लावला, पहिल्यांदा तोडला, ती लागण. मग तोडताना जमिनीत बुडखा राहतो, त्याला आपोआप फुटवे येतात, त्या दुसऱ्या पिकाला खोडवा म्हणतात. माझं वर्ष संपून दुसरं लागलं त्या दिवशी त्यांनी खिडकीतून आत डोकावून जाहीर केलं, "पोरी, तू आता खोडवा झालीस. खोडव्याला खत कमी लागतंय. आजपास्नं चहा तू करायचास." आणि पुढं रोज सकाळी पेला घेऊन खिडकीशी हजर.

तर अशा माणसाच्या दारात तुतीची एवढी झुडपं, आणि मला फळ म्हणून दिसेना. राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत मी विचारलं, "आण्णा, ह्याला तुती कधी लागत्यात?"

ते गप्प झाले. ओरडून बोलणारा माणूस गप्प झाला की आपल्यालाच चोरट्यासारखं होतं. मग म्हणाले, "हुपरीची न्हवं तू?"

"व्हय की."

"सोमवारी दुकान बंद. घरी जातीस न्हवं?"

"जातो की. का?"

आमच्याकडं बायकाही 'जातो'च म्हणतात, तेवढं चालवून घ्या.

"माझी मंडळी हाय हुपरीत," ते म्हणाले. "लेकीकडं. दोन वरीस झाली. मी काय केलं न्हाय. मी फकस्त साफसफाई केलती."

ही साफसफाई काय होती ते मला पुढच्या सोमवारी काकींकडून, म्हणजे त्यांच्या मंडळींकडून, कळलं. त्यांची लेक आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहायची. ओसरीत बसून काकी पैंजणाला घुंगरं अडकवत होत्या. मी कुठून आले ते सांगितल्यावर हात थांबला नाही, पण घुंगरू चुकीच्या कडीत गेलं.

काकी कुरुंदवाडच्या. त्यांच्या माहेरी नदीच्या अंगाला तुतीचं एक जुनं झाड होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्याच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून सोबत आणल्या आणि फुलेवाडीच्या कुंपणाला खोचल्या. पुढं महापुराचं पाणी माहेरच्या घरात शिरलं, किती दिवस उतरलं नाही, आणि ते झाड उभ्या उभ्या कुजून गेलं. घरही पाडावं लागलं. आई-वडील आधीच गेलेले. म्हणजे माहेरचं जे काही शिल्लक होतं ते हे कुंपण.

"माझी हौस म्हणा," काकी म्हणाल्या. "पर दरसाल फाल्गुनात चार दिस मी माहेराला जाऊन येत हुते, तितंच, फुलेवाडीच्या दारात बसून."

आणि आण्णा निवृत्त झाले. हाताला काम नाही. काकी भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला कुरुंदवाडला गेलेल्या. एकट्या माणसाला घर खायला उठलं, कुंपण वाढलेलं दिसलं, आणि त्यांनी कोयती काढली. साऱ्या तालुक्याच्या ऊसतोडी बघितलेला माणूस तो. जमिनीलगत एकेक झुडूप असं साफ उतरवलं की बोटभर बुडखा वर दिसू नये. वर पाला गोळा करून, तोडीनंतर उसाचं पाचट पेटवतात तसा पेटवून दिला. राख पसरली, पाणी सोडलं. आणि बायकोला दाखवायला म्हणून नवीन टोपी घालून दारात उभे राहिले.

"मी फाटकातनं आत आले," काकी सांगत होत्या, "तर नुसती काळी जमीन. आणि ह्यांचं तोंड हसरं. म्हणत्यात, बघ आता खोडवा कसा फुटतोय."

काकींनी हातातली पिशवी खाली ठेवली नाही. एवढंच म्हणाल्या, "फळ धरल्याबिगर मी हा उंबरा चढणार न्हाय." आणि मागं फिरून हुपरीची गाडी पकडली.

मी तिथंच ओसरीत बसून म्हटलं, "बरं केलंसा." मनापासून म्हटलं. मी असते तर टोपी पण पेटवली असती.

खोडवा फुटला, हे खरं. जोमानं फुटला. पण फाल्गुन आला तसा नुसती पानंच. आण्णा म्हणाले, हा खोडवा फसला, आता पुढचा बघा. पावसाळ्यात पुन्हा कोयती चालवली. दुसरा फाल्गुनही पानांचाच गेला. मी राहायला गेले तेव्हा पावसाळा चालू होता आणि म्हातारा तिसऱ्यांदा कोयतीला धार लावून बसला होता. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाशिवाय ही चूक कुणी करणार नाही. त्याला तोडणं म्हणजेच वाढवणं वाटतं. त्याच्या हिशोबात ज्याला बुडखा आहे ते सगळं परत येतं.

मी फुलेवाडीला परत निघाले तेव्हा काकी दारापर्यंत आल्या. "त्यास्नी सांग," म्हणाल्या, "तुती गेल्या सालच्या काडीवर येती. काडीनं एक उन्हाळा-पावसाळा बघाय लागतोय. कोयती लावायची न्हाय म्हणावं. यंदा कायच कापायचं न्हाय."

निरोप सांगितला. आण्णा बराच वेळ अंगठ्यानं कोयतीची धार चाचपत राहिले. मग ती माझ्या खोलीत घेऊन आले आणि स्वतःच माझ्या कॉटखाली सरकवून गेले. "मागितली तर देऊ नकोस," म्हणाले. "रडलो तरी देऊ नको."

त्यानंतर दर सोमवारी मी बसमध्ये तुतीची एक डहाळी घेऊन बसायला लागले. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मांडीवर. रविवारी संध्याकाळी आण्णा ती निवडायचे, आणि नवरीला स्थळ निवडतात त्याहून जास्त वेळ लावायचे. फोन होता की, दोघांकडं होता. पण फोनवर काय बोलणार? दोघांचाही हट्ट असा की पहिला शब्द दुसऱ्यानं काढायचा. डहाळीला शब्द लागत नाही.

ते सोमवार मला अजून स्वप्नासारखे आठवतात. गाडी उचगावच्या पुढं गेली की दोन्ही बाजूंना ऊस. खिडकीतून गुऱ्हाळाचा वास आत यायचा, गोड, जाड, डोळे जड करणारा. मला पेंग यायची. पेंगेत वाटायचं की मांडीवरची डहाळी वाढायला लागलीय, सीटच्या दांड्याला धरून वर चढलीय, कंडक्टर पानं बाजूला सारत तिकीट मागतोय. जागी व्हायचे तर पट्टणकोडोली मागं पडलेली असायची आणि फडक्यातलं पाणी माझ्या ड्रेसवर गळालेलं. चिडचिड व्हायची. पण हे दोघं म्हातारे माझ्या मांडीवरनं बोलताहेत, हे मनातून आवडायचंही. आवडायचं, कशाला खोटं बोलू!

काकी ती डहाळी हातात घ्यायच्या. वास घ्यायच्या. नखानं साल थोडी खरवडायच्या. पान उलटं करून बघायच्या. आणि सांगायच्या, "पाणी लई पाजाय लागल्यात. मुळं सडतील म्हणावं." नाहीतर, "शेणखत घाला म्हणावं, आणि चुलीतली राख." एकदा पिवळं पडलेलं पान बोटांत फिरवत म्हणाल्या, "रातचं जेवत न्हाईत वाटतं."

"हे पानावरनं कळलं व्हय?" मी विचारलं.

"गप की गं."

आणि इकडं आण्णा फाटकात उभे. गाडी उशिरा आली तर रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आलेले. "काय म्हणाली?" मी सांगायचे, पाणी जास्त झालंय. "आनि?" राख घाला. "आनि?" जेवा वेळेवर. मग हा माणूस रस्त्यातच टोपी काढायचा आणि डोकं खाजवायचा. त्या रात्री त्यांच्या स्वयंपाकघरातून कांदा चिरल्याचा आवाज यायचा.

थंडी पडली तसा काकींचा सगळ्यात कठीण निरोप आला: पाणी तोडा, ताण बसू दे. झाडाला थोडं तहानेलं ठेवायचं, त्याशिवाय त्याला फळाची आठवण होत नाही. आता ऊसवाल्या माणसाला पाणी तोड म्हणणं म्हणजे पैलवानाला उपास सांगणं. ऊस कसा पाटानं पाणी पितो, मागेल तेवढं, न मागता त्याहून जास्त! आण्णांचा जीव कासावीस झाला. पानं मान टाकायला लागली. ते दुपारी डोळे मिटून फिरायचे तेव्हा बोलत असायचे, "थांबा जरा. तिनं सांगितलंय. मी न्हाय, तिनं." एक दिवस तर पाण्याची नळी गुंडाळून माझ्या खोलीत आणून टाकली, कोयतीच्या शेजारी. "हिला पण ठेवून घे. माझा भरवसा न्हाय." माझ्या कॉटखाली आता त्यांची सगळी इंद्रियं जमा झाली होती.

संक्रांत झाली आणि निरोप आला, पानं काढा. हातानं काढा, एकेक. आण्णांनी तीन का चार दिवस लावले. घाई नाही, ओरबाडणं नाही. एक पान तोडायचं, देठाच्या बगलेत बघायचं, तिथं डोळा असायचा, टोकदार, भाताच्या दाण्याएवढा. उसाला जिथनं अंकुर फुटतो त्यालाही आम्ही डोळाच म्हणतो. "हिला पण डोळं हाईत," आण्णा मला म्हणाले, जणू काही हे कुणी त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. "एवढी वर्षं दारात हुती. मी कधी बघितलंच न्हाय." आणि पुढचं पान तोडलं.

पानं गेली तशी माझी खोली उघडी पडली. पांढरं, कोरडं ऊन फरशीवर आलं. दुपारची झोप उडाली. मग पाणी सोडलं. आणि एका दुपारी मला पुन्हा भिंतीवर काहीतरी हलताना दिसलं, अगदी फिकट. बाहेर गेले तर काड्यांवर कोवळी पोपटी पानं, आणि पानांच्या बगलेत बारीक, हिरव्या, केसाळ अळ्यांसारखं काहीतरी लटकलेलं. आण्णा समोर उभे होते. या वेळी डोळे उघडे होते, आणि वाहत होते.

"धरलं," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "पोरी, धरलं बघ."

त्या सोमवारी मी फळाची डहाळी घेऊन गेले. सगळ्या रस्त्याला एकदाही पेंगले नाही. काकींनी डहाळी घेतली. वास घेतला नाही, खरवडली नाही. मांडीवर ठेवली आणि पदरानं झाकली. आणि म्हणाल्या, "बरं."

"बरं काय, काकी? चला की!"

"बघू."

मी परत येऊन आण्णांना सांगितलं, बरं म्हणाल्या. त्यांना काय, ब्रह्मांड मिळालं. दुसऱ्या दिवसापासून तयारी. उंबरा घासला, गेरू लावला, काकींची गादी उन्हात टाकली. आणि वाट बघायला बसले. हिरवी तुती लाल झाली. लाल होती ती काळी व्हायला लागली. एका फळाला हात लावतील तर शपथ. मलाही लावू देईनात. "पैलं तिनं तोडायचं." पाखरांना हुसकवत दिवसभर फाटकाकडं तोंड करून बसायचे. हुपरीच्या गाडीची वेळ झाली की टोपी सरळ करायचे.

काकी आल्या नाहीत. तीन-चार सोमवार असेच गेले, मग मी विचारलं तर म्हणाल्या, "मी गेले तवा कुणी थांबवलं न्हाय. आता न्यायला तरी या म्हणावं."

आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "तिनं काय सांगितलतं? फळ धरलं की येतो. धरलं. आता माझं काय ऱ्हायलं?"

झालं! तुती काय यांच्या बापाची नोकर आहे थांबायला? पिकलेलं फळ चार दिवस टिकत नाही. काळी, टपोरी फळं टपटप गळायला लागली. अंगण जांभळं झालं, माझ्या चपला जांभळ्या झाल्या, दुपारी उजेडसुद्धा तसाच वाटायचा, आणि आंबूस-गोड वासानं सगळी गल्ली झिंगल्यासारखी. एवढ्या दिवसांची तहान, एवढं थांबणं, आणि दोन हट्टी म्हाताऱ्यांच्या पायी सगळं मातीत चाललेलं. मी रोज त्यातून चालत कामावर जायचे आणि मला रडायला यायचं. रविवारी संध्याकाळी आण्णा नेहमीप्रमाणे डहाळी घेऊन आले तेव्हा माझा तोल गेला.

"मी न्हाय नेणार," म्हटलं. "तिला वाटतं तुम्ही यावं. तुम्हाला वाटतं तिनं यावं. मधल्या मधी मी काय पोस्टाची पेटी हाय? उद्या मी हुपरीला जाणारच न्हाय. झोपणार हाय मी. तुती गळू दे, न्हायतर जळू दे!"

दार लावून घेतलं. मग चपला दूर गेल्याचा आवाज.

सोमवारी उशिरा उठले. खिडकीतून बघते तर आण्णा इस्त्रीचा सदरा घालून, स्टीलचा डबा हातात घेऊन झुडपाखाली उभे. स्वतःच्या हातानं तुती तोडत होते. एकेक काळी बघून, देठाला धरून, अलगद. एवढ्या मोठ्या हाताला ते जमत नव्हतं, बोटं रंगली होती. डबा भरला, झाकण लावलं आणि फाटकाबाहेर पडले. कुठं म्हणून मी विचारलं नाही. परत फरशीवर आडवी झाले. हिरवा उजेड परत आला होता. कधी झोप लागली कळलं नाही.

फाटक आपटलं तशी जागी झाले. "कोण हाय का? अवो! कुठं हाईसा?"

काकी होत्या. धापा टाकत, केस विस्कटलेले, हातात रिकामी पिशवी. लगडलेल्या फांद्या त्यांच्या डोक्याला घासल्या, खांद्यावर तुती पडल्या. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. सरळ उंबरा ओलांडून आत गेल्या आणि या खोलीतून त्या खोलीत हाका मारत सुटल्या. मी मागं पळाले.

"काय झालंय ह्यांना?" माझा दंड धरून त्या म्हणाल्या. "खरं सांग. तू आली न्हाईस. कधी चुकत न्हाईस तू. गाडी आली, तू उतरली न्हाईस. दवाखान्यात न्हेलंय काय? पडलं काय कुठं?"

"काकी, काय न्हाय झालं. ते तुमास्नी आणायला गेल्यात."

"कुठं?"

"हुपरीला. तुती घेऊन. तुमच्या गाड्या वाटेत एकमेकीस्नी ओलांडून गेल्या असतील."

काकी उंबऱ्यावर बसल्या. हसताहेत का रडताहेत ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कानाला लावायची गरजच नव्हती. "हितं न्हाय ती!" आण्णा ओरडत होते. "लेक म्हणतीया सकाळीच गेली! कुठं गेली? बघ की जरा, स्टँडवर जाऊन बघ!"

काकींनी फोन माझ्या हातातून घेतला. "मी घरात हाय," म्हणाल्या.



"कुणाच्या?" आण्णांनी विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? माझ्या!"

मग एकदम हळू, त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता, "मग जाऊ नकोस. आलोच मी."

ते उन्हं कलताना आले. तोवर काकींनी एका तुतीला हात लावला नाही. अंगण झाडलं, चूल पेटवली, माझी कॉटखालची सगळी अडगळ बाहेर काढून मला दोन शिव्या घातल्या. आण्णा फाटकात थबकले. डब्यातल्या तुतींचा रस्त्यात पाक झाला होता, तो झाकणातून गळून सदऱ्यावर आलेला. काकींनी त्या सदऱ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "धुवायला मीच हाय." एवढ्यावर पावणेतीन वर्षांचं भांडण मिटलं. मी म्हटलं, हात्तिच्या!

मग काकींनी एक जुनं लुगडं आणलं. त्याची दोन टोकं आण्णांच्या हातात दिली, दोन माझ्या, आणि आम्हाला झुडपाखाली उभं केलं. त्यांनी फांदी धरून हलकेच हलवली. तुतीचा पाऊस पडला त्या लुगड्यात. पिकलेली तेवढी पडली, लाल होती ती वरच राहिली. एक झालं की दुसरं. काकींनी पहिली तुती तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. त्या कुरुंदवाडला गेल्या होत्या. आण्णा लुगड्याची टोकं धरून, न हलता, त्या परत येईपर्यंत तसेच उभे राहिले.

डोळे उघडल्यावर काकी कडेच्या झुडपाकडं गेल्या. तिथली एक लांब फांदी रिकामी झाली होती. कनवटीची बारीक कातर काढून त्यांनी आण्णांच्या हातात दिली. "हिचं झालं आता. कापा."

"मी?" आण्णा म्हणाले.

"तुमीच. फळ उतरलं की कापाय लागतंय. न्हायतर पुढल्या सालची काडी कुठनं येणार? सगळी न्हाय. हितनं. बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर, तिरकी."

आण्णांनी कातर लावली. बरोबर लावली, डोळ्याच्या वर, तिरकी. पण हात मिटेना. शिवारंच्या शिवारं आडवी करून आलेला माणूस, करंगळीएवढ्या काडीपुढं अडून उभा.

"ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले.

"असं कसं? कापा."

"नको." मग खाली बघून म्हणाले, "पैल्यांदा कापलं, तवा तू गेलतीस."

काकींनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि दाबला. कट्ट आवाज झाला. फांदी खाली पडली.

आण्णांनी फांदीकडं बघितलंच नाही. त्यांनी घाबरून फाटकाकडं बघितलं.

"तिकडं काय बघताय?" काकी म्हणाल्या. "मी हितं हाय."